मत्स्यशास्त्रज्ञ विद्यापीठाध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन

थोर पुरुषांची चरित्रे मुलांच्या हाती द्यावीत, असे वडीलधारे सांगत आले आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु चरित्रवाचनाचे फळ दुहेरी असते. थोरांच्या अंगचे गुण पाहून आपल्या ठिकाणी उत्साह उत्पन्न होतो, हे एक. आणि एवढी मोठी माणसेसुद्धा कोठे व कशी चुकली हे पाहून आपण सावध होतो, हे दुसरे. आपल्या स्मरणिकेत आजवर बहुधा ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे येत आली. यंदा संपादक मंडळाच्या अनुमतीने एका परदेशीय प्राध्यापकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. या चरित्रात वर सांगितलेली दोन्ही फळे आहेत, आणि दुसरे फळ तर आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी मुद्दाम चाखून पाहावे असे आहे.

डेव्हिड स्टार जॉर्डन यांचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात गेन्सव्हिल नावाच्या खेड्याजवळील शेतावर 19 जानेवारी 1851 रोजी झाला. घरची शेती आणि वळण कष्टाचे. लहानपणी रात्री आकाशाकडे पाहून ताऱ्यांची नावे पाठ करण्याचा या मुलास छंद जडला. पुढे त्याने आपल्या नावात स्टार हे मधले नाव स्वतःच घालून घेतले, त्यात या छंदाचाही वाटा होता. ताऱ्यांनंतर नकाशे आणि नकाशांनंतर रानफुले असा त्याच्या जिज्ञासेचा प्रवास झाला. गावात मुलांच्या उच्च शिक्षणाची नीटशी सोय नव्हती, म्हणून आईबापांनी त्यास चक्क मुलींच्या विद्यालयात घातले. डेव्हिड अकरा वर्षांचा असताना घरावर मोठा आघात झाला. वडील भाऊ रुफस हा अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्यात दाखल झाला, आणि लढाईचे तोंड पाहण्यापूर्वीच छावणीतील तापाने 1862 साली मृत्यू पावला. हे दुःख डेव्हिडच्या मनात जन्मभर राहिले.

1868 साली न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठ उघडले. दुसऱ्याच वर्षी जॉर्डन तेथे दाखल झाले. पैशाची चणचण असल्यामुळे मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. वनस्पतिशास्त्रात त्यांची गती अशी की, स्वतः विद्यार्थी असतानाच त्यांना त्या विषयाचे अध्यापनसाहाय्यक नेमण्यात आले. 1872 साली ते पदवी घेऊन बाहेर पडले आणि इलिनॉय राज्यातील एका लहान कॉलेजात शिकवू लागले.

त्यांच्या आयुष्यास खरे वळण लागले ते 1873 च्या उन्हाळ्यात. लुई अगासीझ हे त्या काळी अमेरिकेतील सर्वांत नामांकित प्राणिशास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीझ या उजाड बेटावर त्यांनी शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा काढली. एका धनिकाने ते बेट आणि 50,000 डॉलर त्यांच्या स्वाधीन केले होते. गुरांचा गोठा झाडून तेथेच व्याख्यानमंदिर करण्यात आले. पुस्तके बाजूस ठेवून सृष्टीच वाचावी, हा अगासीझ यांचा उपदेश होता. ते विद्यार्थ्याच्या हाती एक मासा देत आणि दिवसेंदिवस तोच पाहावयास लावीत, अशी त्यांची ख्याती होती. आपण खूप पाहिले असे विद्यार्थ्यास वाटले की अजून पाहा, असे ते सांगत. बावीस वर्षांच्या जॉर्डन यांनी या शाळेत दोन गोष्टी मिळविल्या. पहिली म्हणजे माशांचा विषय, जो त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. दुसरी म्हणजे सुसान बोवेन ही सहाध्यायिनी, जी 1875 साली त्यांची पत्नी झाली. 1873 च्या अखेरीसच अगासीझ वारले. गुरूंना डार्विनचा उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत मान्य झाला नाही. शिष्याने मात्र पुरावा पाहून तो स्वीकारला आणि तरीही गुरूविषयीची भक्ती कमी होऊ दिली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यापुढील काही वर्षे जॉर्डन यांनी आज येथे तर उद्या तेथे अशी शिक्षकाची नोकरी केली. विस्कॉन्सिन राज्यात एका शाळेचे ते मुख्याध्यापक होते. इंडियानापोलिस शहरातील हायस्कुलातही त्यांनी शिकविले. हायस्कूलच्या वर्गात उभे राहण्याचा हा अनुभव त्यांना फार उपयोगी पडला. तेथील चार्ल्स गिल्बर्ट नावाचा विद्यार्थी पुढे जन्मभर त्यांचा सहकारी झाला. नंतर इंडियानापोलिसच्याच बटलर विद्यापीठात चार वर्षे काढून 1879 साली ते ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

आठवड्यातून काही दिवस वर्गात आणि उरलेले ओढ्यात, असा त्यांचा शिकविण्याचा क्रम होता, असे म्हटले तरी चालेल. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जाळी खांद्यावर टाकायची, पाण्यात उतरायचे, सापडलेला प्रत्येक मासा ओळखायचा आणि न ओळखला तर त्याचे वर्णन लिहावयाचे. 1880 साली अमेरिकन सरकारच्या वतीने गिल्बर्टसह त्यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील माशांची पाहणी केली. त्या काळी या किनाऱ्यावरील मत्स्यसृष्टीची नीट नोंद नव्हती. कोळ्यांच्या होड्या व बाजारातील टोपल्या धुंडाळून त्यांनी कितीतरी नव्या जाती शास्त्रास अवगत करून दिल्या.

जुलै 1883 मध्ये ब्लूमिंग्टनच्या शास्त्रमंदिरावर वीज पडून आग लागली. विद्यापीठाचे ग्रंथालय जळाले आणि जॉर्डन यांनी वर्षानुवर्षे जमविलेले माशांचे नमुने व हस्तलिखिते यांची राख झाली. अशा वेळी माणूस विषयच सोडून देतो. जॉर्डन यांनी रडत बसण्याऐवजी पुन्हा जाळे उचलले. त्यांच्या स्वभावातील हा चिवटपणा फार मोठा होता. मात्र याच चिवटपणाची दुसरी बाजूही पुढे दिसणार आहे.

1885 च्या आरंभी, वयाची चौतिशी गाठण्यापूर्वीच, ते इंडियाना विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे कुलगुरू जे काम पाहतात तेच तिकडे अध्यक्ष पाहतात. याआधी त्या पदावर धर्मोपदेशक नेमण्याची प्रथा होती, ती येथे प्रथमच मोडली. जॉर्डन यांनी अभ्यासक्रमात महत्त्वाचा फेरबदल केला. पूर्वी सर्व विद्यार्थ्यांना ठराविक विषय ठराविक क्रमाने घ्यावे लागत. त्याऐवजी विद्यार्थ्याने एक प्रमुख विषय निवडावा, त्या विषयाच्या प्राध्यापकाने पालकाप्रमाणे त्याच्याकडे लक्ष द्यावे आणि बाकीचे विषय आवडीने घ्यावेत, अशी व्यवस्था त्यांनी केली. राज्यभर हिंडून व्याख्याने देऊन त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना विद्यापीठाकडे ओढले. अध्यक्षपदाच्या पहिल्याच वर्षी पत्नी सुसान वारल्या. 1887 साली जेसी नाइट यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

कॅलिफोर्नियातील रेल्वेचे धनाढ्य मालक लेलंड स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा 1884 साली इटलीत विषमज्वराने वारला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी व पत्नी जेन यांनी आपल्या शेतमळ्यावर विद्यापीठ स्थापन केले. अध्यक्षाचा शोध करताना कॉर्नेलच्या माजी अध्यक्षांनी त्यांना जॉर्डन यांचे नाव सुचविले. 1 ऑक्टोबर 1891 रोजी विद्यापीठ उघडले, त्या दिवशी इमारती पुऱ्या झालेल्या नव्हत्या; तरी पहिल्याच वर्षी पाचशेहून अधिक विद्यार्थी आले. मुलगे आणि मुली एकत्र शिकत. कोणत्याही धर्मपंथाचे बंधन नव्हते व आरंभी शिक्षणशुल्कही नव्हते. पुढे 1929 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर हे याच पहिल्या तुकडीतील विद्यार्थी. जॉर्डन यांच्याविषयी तेथे एक आख्यायिका सांगतात. विद्यार्थ्यांची नावे लक्षात ठेवण्याचा प्रयत्न त्यांनी पुढे सोडून दिला म्हणे. कारण एका विद्यार्थ्याचे नाव ध्यानात राहिले की एका माशाचे नाव डोक्यातून जाई!

दोनच वर्षांत संकटांची मालिका सुरू झाली. जून 1893 मध्ये स्टॅनफर्ड निवर्तले. त्याच वर्षी देशात आर्थिक मंदी आली. इस्टेट कोर्टाच्या ताब्यात गेली आणि वर अमेरिकन सरकारने जुन्या रेल्वेकर्जापोटी दीड कोटी डॉलरचा दावा लावला. विद्यापीठ बंद पडणार, असे सर्वांनी धरून चालले होते. श्रीमती स्टॅनफर्ड यांनी घरखर्चास कात्री लावली आणि कोर्टाने त्यांच्या निर्वाहासाठी मंजूर केलेल्या रकमेतून प्राध्यापकांचे वेतन भागविले. आपले दागिने विकण्यासाठी त्या लंडनपर्यंत गेल्या. जॉर्डन यांनी प्राध्यापकांना धीर देऊन, पगार कमी करून, पण वर्ग चालू ठेवून ही वर्षे काढली. 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यापीठाच्या बाजूने दिला. ज्यांनी एखादी शाळा किंवा वसतिगृह अनुदानावाचून चालविले आहे, त्यांनाच या काळाची कल्पना येईल.

एवढा व्याप सांभाळून त्यांचे माशांचे काम थांबले नाही. बार्टन एव्हरमन यांच्यासह लिहिलेला उत्तर व मध्य अमेरिकेतील माशांवरील ग्रंथ 1896 ते 1900 या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात तीन हजारांहून अधिक जातींचे वर्णन आहे. 1900 साली जपान आणि नंतर हवाई व सामोआ येथील समुद्र त्यांनी धुंडाळले. 1896 व 1897 साली बेरिंग समुद्रातील सीलांच्या संहाराची चौकशी करणाऱ्या अमेरिकन मंडळाचे ते प्रमुख होते. या प्रश्नावर पुढे 1911 साली चार राष्ट्रांचा करार झाला.

त्यांच्या एका शास्त्रीय सिद्धान्ताची ओळख येथे करून दिलीच पाहिजे. 1905 साली त्यांनी असे दाखविले की, एखाद्या जातीचा सर्वांत जवळचा आप्त बहुधा त्याच ठिकाणी सापडत नाही आणि फार दूरही सापडत नाही. मध्ये डोंगर, खाडी किंवा भूशिर यांसारखा अडसर असलेल्या शेजारच्या प्रदेशात तो सापडतो. पनामाच्या चिंचोळ्या भूमीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या एका अंगास अटलांटिकचे पाणी, दुसऱ्या अंगास पॅसिफिकचे. दोन्हीकडील कित्येक मासे जुळ्या भावांसारखे दिसतात, तरी जाती निराळ्या. पूर्वी समुद्र एक होता, मध्ये जमीन वर आली, आणि ताटातूट झालेल्या भावंडांच्या वंशात हळूहळू फरक पडत गेला. जो जेथे राहतो त्या पाण्याचा, जमिनीचा आणि परिस्थितीचा विचार केल्यावाचून त्याच्याविषयी काही ठरवू नये, हाच या सिद्धान्ताचा इत्यर्थ होय. वाचकांनी हे वाक्य पुढील भागासाठी ध्यानात ठेवावे.

18 एप्रिल 1906 रोजी पहाटे सानफ्रान्सिस्कोचा भयंकर भूकंप झाला. विद्यापीठाच्या नव्या इमारती ढासळल्या व दोन माणसे मृत्यू पावली. प्राणिशास्त्राच्या इमारतीवरील अगासीझ यांचा संगमरवरी पुतळा डोके खाली व पाय वर अशा स्थितीत फरसबंदीत रुतला. आत माशांच्या बरण्या फुटून नमुने व चिठ्ठ्या यांची ताटातूट झाली. नमुने सुकू नयेत म्हणून त्यांवर पाणी मारीत मंडळींनी ते पुन्हा लावण्यास आरंभ केला. ब्लूमिंग्टनच्या आगीनंतरचाच हा दुसरा अध्याय होता.

येथवरचे चरित्र कोणत्याही शाळेत वाचून दाखवावे असे आहे. परंतु उरलेला भाग लपविला तर ती वाचकांची फसवणूक होईल.

1900 साली एडवर्ड रॉस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने नाणेपद्धती, ट्रामगाड्यांची सार्वजनिक मालकी व आशियाई मजुरांचे आगमन यांवर जाहीर भाषणे केली. शेवटच्या विषयातील त्याची मते मुळीच उदार नव्हती, हेही सांगितले पाहिजे. श्रीमती स्टॅनफर्ड यांनी त्यास काढण्याचा आग्रह धरला. जॉर्डन यांनी प्रथम त्याची बाजू घेतली, पण अखेर ते नमले. निषेध करणाऱ्या इतिहासाच्या प्राध्यापकासही जावे लागले आणि आणखी काही अध्यापक राजीनामे देऊन निघून गेले. अशा राजीनामा देणाऱ्यांपैकी आर्थर लव्हजॉय यांनी पुढे 1915 साली अमेरिकेतील प्राध्यापकांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. संस्था वाचविण्यासाठी जॉर्डन यांनी पूर्वी मोठे कष्ट सोसले होते. या वेळी संस्थेच्या शांततेसाठी त्यांनी अध्यापकाचे स्वातंत्र्य सोडले.

फेब्रुवारी 1905 मध्ये श्रीमती स्टॅनफर्ड होनोलुलु येथे अकस्मात वारल्या. तेथील डॉक्टरांनी व पंचांनी विषप्रयोगाचा निर्णय दिला. जॉर्डन तातडीने तेथे गेले, दुसऱ्या डॉक्टराचे मत घेतले आणि मृत्यू हृदयविकाराने झाल्याचे जाहीर केले. विष खरेच दिले गेले होते व ही गोष्ट दडपण्यात आली, असे 2003 साली आणि पुन्हा 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासपूर्ण ग्रंथांत मांडण्यात आले आहे.

याहूनही गंभीर गोष्ट त्यांच्या विचारांची आहे. युद्धात राष्ट्रातील उत्तम तरुण मरतात आणि दुर्बळ मागे उरून संतती वाढवितात, म्हणून राष्ट्राचे रक्त निकृष्ट होते, असे मत त्यांनी 1902 च्या एका पुस्तकात मांडले. भावाच्या मृत्यूची आठवण यामागे असावी, असे वाटते. युद्धविरोध हे थोर कार्य होते व त्यासाठी त्यांनी लोकक्षोभही सोसला. 1917 साली अमेरिका युद्धात पडू नये म्हणून बोलत असता बाल्टिमोर येथे जमावाने त्यांची सभा उधळली. परंतु ज्या पायावर त्यांनी ही इमारत उभारली तो पायाच चुकीचा होता. गुणदोष रक्तातच असतात आणि निकृष्ट रक्ताच्या माणसांची संतती थांबवावी, या मताचे ते पुढारी झाले. 1906 साली स्थापन झालेल्या अशा एका समितीचे ते अध्यक्ष होते. ज्या इंडियाना राज्यात त्यांनी नाव कमावले, तेथे 1907 साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा जगातील पहिला कायदा झाला. कॅलिफोर्नियाने 1909 साली त्याचे अनुकरण केले. त्या एका राज्यात सुमारे 20,000 स्त्रीपुरुषांवर अशी शस्त्रक्रिया झाली. त्यांत गरीब, रुग्ण आणि परदेशातून आलेले लोक पुष्कळ होते. तो कायदा 1979 साली रद्द झाला.

या मतास पुष्टी म्हणून जॉर्डन इटलीतील आओस्टा खोऱ्याचे उदाहरण देत. तेथे गलगंड झालेली, खुजी, मतिमंद आणि बहिरीमुकी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आढळत. दानधर्मावर पोसलेल्या निकृष्ट वंशाचे हे फळ, असा त्यांनी निष्कर्ष काढला. वास्तविक कारण अगदी निराळे होते. त्या डोंगराळ भागातील माती, पाणी व अन्न यांत आयोडिन नव्हते. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये 1922 पासून आयोडिनयुक्त मीठ देण्यास आरंभ झाला आणि असा विकार मागे पडत गेला. आपल्या देशातही 1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉक्टर रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून आयोडिनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो, हे सिद्ध केले. चिमूटभर मिठाचा प्रश्न होता, रक्ताचा नव्हता. माशाचा विचार करताना पाणी आधी पाहणाऱ्या या शास्त्रज्ञाने माणसाचा विचार करताना पाणी पाहिलेच नाही. पुढे मिठाचा गुण जगजाहीर झाला तरी त्यांनी मत बदलले नाही. 1928 साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, निर्बीजीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या नव्या संस्थेच्या संस्थापक मंडळात ते होतेच. आगीतून व भूकंपातून ज्या चिवटपणाने त्यांना तारले, त्याच चिवटपणाने त्यांस येथे बुडविले.

1913 साली त्यांनी अध्यक्षपद सोडले. 1926 साली त्यांचा होतकरू मुलगा एरिक मोटार अपघातात ऐन तारुण्यात वारला. 19 सप्टेंबर 1931 रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्टॅनफर्ड येथील राहत्या घरी जॉर्डन यांचे निधन झाले. 2020 साली स्टॅनफर्ड व इंडियाना या दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या इमारतींवरील त्यांचे नाव काढण्याचा निर्णय घेतला. माशांच्या ग्रंथांतील त्यांचे नाव मात्र शास्त्रज्ञ आजही आदराने घेतात.

दुसऱ्याची चूक सांगणाराने आपली झाकू नये, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्या नोकरीच्या आरंभी वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला की नुसता बघत राही. त्याचा बाप व दोन भाऊ चौथीच्या पुढे गेले नव्हते. या घराण्यातच विद्या नाही, असे मी शिक्षकांच्या खोलीत चारचौघांत बोललो आणि त्यास शेवटच्या बाकावर बसविले. दोन वर्षांनी शाळेत वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा कळले की त्याचे दोन्ही कान लहानपणापासून फुटत होते. त्यास ऐकूच येत नव्हते. तोवर त्याची दोन वर्षे गेली होती, आणि ती मी परत देऊ शकलो नाही. जॉर्डन यांच्या हाती कायदा घडविणाऱ्यांचे कान होते, माझ्या हाती एक बाक होता; चूक मात्र एकाच जातीची.

आपल्या या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची यादी असते, तशी वधूवरांचीही असते. घराणे, कूळ आणि रक्त हे शब्द आपल्या बोलण्यात सहज येतात. ज्ञातीने वसतिगृहे काढावीत, शिष्यवृत्त्या द्याव्यात, अडल्यानडल्यास हात द्यावा, हे सर्व योग्यच आहे. संस्थेचे प्रयोजनच ते आहे. परंतु आपले मूल हुशार ते आपल्या रक्तामुळे आणि परक्याचे मागे ते त्याच्या रक्तामुळे, असे आपण मनात जरी म्हटले तरी आओस्टाच्या खोऱ्यात आपण पोचलो असे समजावे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने जगातील झाडून सारी माणसे ही एकच जात आहे.

आपल्या ज्या मुलामुलींनी शास्त्राची वाट धरली आहे त्यांनी जॉर्डन यांच्याकडून ओढ्यात उतरण्याची हौस घ्यावी, जळालेल्या कपाटापाशी पुन्हा कामास लागण्याचे धैर्य घ्यावे, आणि पेनिकीझ बेटावरील तो जुना धडाही घ्यावा. आपल्याला सर्व कळले असे वाटेल तेव्हा आणखी एकवार पाहावे. मासा असेल तर पाहावेच. माणूस असेल तर अवश्य पाहावे.